बिनचामड्याचा चेंडू

सुई मधेच अडकली — सुती पट्टीच्या आत, सुतळीच्या पिळात कुठेतरी — आणि राजमतीने ती मागे ओढायची सोडून तशीच चेंडूत रुतवून ठेवली. कशासाठी टाके घालते आहे मी? उद्या साताऱ्याला हा चालणारच नाही. तिथल्या मुलांच्या स्पर्धेत चामड्याचाच चेंडू लागतो, आणि आज दिवस मावळायच्या आत लालासाहेब उत्तर मागायला येणार... पोराला, जिनदत्तला, पाठवता की नाही?

नाही. नाहीच म्हणायचं. सकाळपासून हा एकच शब्द तिने घोळवून घोळवून गुळगुळीत केला होता — पाणी भरताना, जोंधळे निवडताना, जैनांच्या बस्तीत मूर्तीपुढे हात जोडले तेव्हासुद्धा. देवापुढे तरी दुसरं काही आठवावं की नाही माणसाला!

ती उठली, चुलीपाशी गेली, काहीच न करता पुन्हा ओसरीवर आली. सगळं सुरू झालं ते इथेच. लालासाहेब लढाईतून अधू पाय घेऊन परतले, गाव साताऱ्याकडचं, पण बायकोच्या माहेरी, सांगलीजवळच्या ह्या गावात राहिले. आणि गप्प बसवेना म्हणून नदीकाठच्या गायरानात पोरं गोळा करून त्यांनी हॉकी सुरू केली. फी नाही, बक्षीस नाही. गुऱ्हाळं लागली की ऐपत असेल त्या घराने गुळाची ढेप संघाला द्यायची, आणि काठ्याही त्याच गुऱ्हाळाच्या चुलीवर शेकून वाकवलेल्या. जिनदत्त तेव्हा एवढासा. एकदा तो चामड्याचा चेंडू मोठ्या कौतुकाने घरी घेऊन आला आणि हातातून सुटून तो घरंगळत गेला थेट स्वयंपाकघरात, पाण्याच्या घागरींपर्यंत... तिने साऱ्या घागरी ओतल्या, जमीन सारवली, पोराला थंड पाण्याने न्हाऊ घातलं. दुसऱ्या दिवशी लालासाहेब पायरीखाली येऊन उभे राहिले, तेव्हा दाराआडून त्यांनाही ताडताड बोलली. ते हसले.

"मग तुमीच करा की वयनी चेंडू. तुमच्या हातचा असंल त्येनंच खेळू आमी."

थट्टाच होती ती. पण नवरा नुकता गेलेला, घर खायला उठत होतं, आणि रागात हात भराभर चालतात — तिने बांबूच्या मुळाचा गड्डा घेतला, त्यावर ओली सुतळी आवळत गेली, वर सुती पट्टी, दुहेरी टाका, शेवटी डिंकाचा हात. मेणसुद्धा नाही; मेण मधमाश्यांचं. आणि लालासाहेबांनी शब्द पाळला. गावोगावची पोरं 'बिनचामड्याचे' म्हणून हसायची आणि हरून जायची. मैदानावर जायची तिची रीत नव्हती, पण गायरानातला आवाज इथवर यायचा. टक्... टक्... माझा चेंडू. भाकरी थापता थापता तिचे हात थबकायचे.

परवा आवाज निराळा आला. कोरडा, टणक. तव्यावरची भाकरी करपली. संध्याकाळी जिनदत्तने आपणहून सांगितलं, तो आज गोलात उभा राहिला नव्हता, कडेला बसून होता. साताऱ्याच्या सरावासाठी लालासाहेबांनी चामड्याचा चेंडू काढला होता; गोलात तो हातानेही अडवावा लागतो, आणि आईला विचारल्याशिवाय... मग मान खाली घालून म्हणाला, "आई, आपल्या उसाला मोटंचंच पानी हाय न्हवं? मोट कशाची असती?"

चामड्याची. चपलाही चामड्याच्या, दाराबाहेर काढलेल्या. हे काय तिला ठाऊक नव्हतं? पण मोटेने तिचं काही हिरावून घेतलं नव्हतं... आणि ह्याच विचारापाशी, आज जोंधळे निवडता निवडता तिने सूप आपटलं होतं. धर्माचं दुखत नव्हतं. उद्यापासून पायरीखाली उभं राहून कुणी म्हणणार नाही, वयनी, चेंडू उसवला. पोर साताऱ्याला जाईल, तिथून पुढे पलटणीत, कुठेही... मी चिंध्यांचं टोपलं घेऊन कुणासाठी बसू? म्हणून नाही म्हणायचं. देवाचं नाव पुढे करायचं, म्हणजे कुणी उलट बोलत नाही. स्वतःची तिला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून जिनदत्तचाच राग आला.

ऊन परसातल्या शेवग्याच्या शेंड्यावर चढलं. दिवस असेतो जेवणं उरकायची, म्हणून तिने जिनदत्तला ओसरीवरच ताट वाढलं, आणि तेवढ्यात पाय ओढत लालासाहेब आले. रुमालात बांधलेलं काहीतरी त्यांनी पायरीखाली ठेवलं.

"तुमच्यापासनं लपवायचं न्हाई, वयनी. ह्यो चेंडू. तुमी न्हाई म्हनलासा तर जिनदत्ताबिगर जाऊ आमी. हरू, पर तुमाला बोल लावनार न्हाई."

जिनदत्त घास हातात धरून बसला होता. "आई, काय सांगू त्यास्नी?"

"आदी जेव. दिवस हाय तवर जेव."

रुमालाची गाठ सैल झाली होती. आत पांढरं चामडं, त्यावर टाक्यांची ओळ. टाके सुरेख होते, मेल्याचे. कुणाच्या हातचे असतील? कुठेतरी असंच कुणीतरी बसत असेल उन्हाकडे पाठ करून, सुई अडकली की मागे ओढत, पुन्हा घालत... 'नाही' तोंडात तयार होतं, सकाळपासून तयार होतं, आणि दोघेही तिच्या तोंडाकडे बघत होते. पण राजमती एक पायरी उतरून खाली आली होती, आणि ज्या हाताने त्या दिवशी घागरी ओतल्या तोच हात पदराखाली हळूहळू वाटीसारखा वळत होता. किती भरत असेल हा? माझ्या चेंडूपेक्षा जड असेल का?