दिराकडे राहिलेली सीट

मित्रांनो, मला जुनी म्हटलेलं चालतं. 'बिचारी' म्हटलेलं चालत नाही. माझ्यापेक्षा कितीतरी देखण्या, लांबलचक, चकचकीत गाड्या माझ्या डोळ्यांदेखत भंगारात गेल्या. मी अजून मंगळवारच्या बाजाराला जाते. सावकाश जाते, पण जाते.

मी फ्रान्समधली एक छोटी मोटार. कागदोपत्री माझं नाव 'दोन घोडे'. सरकार कर आकारताना घोडे मोजतं आणि माझ्यात त्याला दोनच सापडले. खरं तर नऊ होते. पण सरकारला स्वतःहून काही सांगायचं नाही, हा आमच्या ओव्हेर्नच्या डोंगरातला जुना नियम आहे.

मला घडवणाऱ्यांपुढे अट एकच होती. शेतकऱ्याला बायको आणि बटाट्याच्या पोत्यासकट बसवून नांगरलेल्या शेतातून न्यायचं आणि टोपलीतलं एकही अंडं फुटता कामा नये. देखणेपणाची अट नव्हती, त्यामुळे त्या भानगडीत कुणी पडलं नाही. माझ्या थोरल्या बहिणींना महायुद्धात शत्रूपासून लपवून ठेवलं होतं. युद्धानंतर पॅरिसच्या प्रदर्शनात आमच्यावरचं कापड दूर झालं तेव्हा लोक हसले. एक बाई म्हणाल्या, "कापून झालंय वाटतं. शिवणार कधी?" हसून झाल्यावर तेच लोक नाव नोंदवायला रांगेत उभे राहिले. ती रांग पाच-पाच वर्षांची झाली.

माझं नाक गोठ्याच्या छपरासारखं पन्हळी पत्र्याचं, छप्पर गुंडाळून ठेवायच्या कापडाचं, गिअर छत्रीच्या मुठीसारखा. रंग राखाडी, दुसरा हवा असेल तर दुसरी गाडी घ्यावी. आणि माझ्या सीटा! लोखंडी नळ्या, त्यांना ताणून बांधलेले रबरी पट्टे, वर कापड. हात घालून उचललं की सीट बाहेर. रविवारी नदीकाठी जेवायला जाणारे लोक घरून खुर्च्या नेत नाहीत, माझ्यातून काढतात. गावात कुणाचं लग्न असो की कुणाला कंबरदुखी असो, पहिला निरोप माझ्या सीटांना. त्यांनी माझं नाव केलं, आणि एकदा त्यांच्यापायी माझा घातही झाला असता.

ला फाज गावच्या फिर्मँने मला मागवलं. गाडी कशाला हवी, हे अर्जात लिहावं लागे. त्याने लिहिलं, 'बायकोची अंडी आणि चीज बाजारात न्यायला.' खाली जामीन म्हणून धाकट्या भावाने, आन्सेल्मने, सही ठोकली. पाच वर्षांनी मी पोचले तेव्हा फिर्मँला जाऊन दोन वर्षं झाली होती. दारात त्याची विधवा उभी होती, ओनोरीन. वय सत्तेचाळीस, हात मोठे, बोलणं कमी. तिने माझ्याभोवती एक फेरी मारली, गाय विकत घेताना पाहतात तसं वाकून खालून पाहिलं आणि विचारलं, "खाते किती?"

आन्सेल्म सैन्यात ट्रक चालवून आला होता, आणि हे सांगायची संधी त्याने आजवर एकदाही दवडली नव्हती.

"वहिनी, अर्जावर माझीही सही आहे. आणि गाडी चालवणाऱ्याची असते."

"मग शिकते चालवायला."

"या वयात?"

"गाडी तर आजच आलीय. दोघी मिळून शिकू."

गावच्या कॅफेत सगळ्यांसमक्ष ठरलं. मुदत अकरा नोव्हेंबर, संत मार्टिनचा दिवस. आमच्याकडे जमिनीचे खंड, गड्यांचे करार, सगळं त्याच दिवशी संपतं आणि सुरू होतं. तोवर परवान्याचा गुलाबी कागद ओनोरीनच्या हातात आला तर मी तिची, नाहीतर आन्सेल्मची. सोजेलचा बाजार चौदा किलोमीटरवर. आजवर तिची अंडी आन्सेल्मच्या घोडागाडीतून जात, त्याच्या सवडीने आणि सगळ्या खड्ड्यांतून. निम्मी फुटत. मी गेले असते तर ती जन्मभर त्या घोडागाडीची वाट बघत दारात उभी राहिली असती. हे तिला ठाऊक होतं, मलाही.

गावात परवाना असलेली माणसं दोनच. एक आन्सेल्म. म्हणून शिकवायला दुसरे आले, पाद्रीबुवा तेओद्युल. ते शिकवण्यापेक्षा प्रार्थना जास्त करत. वळणावर मी झुकते, अगदी आडवी होते म्हणा ना, पण उलटत नाही. पाद्रीबुवांना फक्त पहिला भाग दिसे.

"ओनोरीन, देवाच्या दारी जायची मला घाई नाही!"

"मग पाय आखडून बसा, पाद्रीबुवा. ब्रेक माझ्याकडे आहे."

जुलैत पहिली परीक्षा झाली. सोजेलच्या भर रस्त्यात ओनोरीनला ओळखीची बाई दिसली. तिने मला थांबवलं आणि विचारलं, "काय गं मार्सेलीन, गाय व्याली का?" परीक्षक प्लुविनाझसाहेबांनी वही मिटली. पुढची तारीख मिळाली आठ नोव्हेंबर, म्हणजे संत मार्टिनच्या तीन दिवस आधी. त्यानंतरची थेट फेब्रुवारीत.

आठ तारखेच्या आधीच्या रविवारी आन्सेल्म कमरेवर हात ठेवून आला.

"वहिनी, कंबर धरलीय हो. गाडीतली उजवीकडची सीट द्या की जरा. दारात बसून चेस्टनट सोलतो. खुर्ची टोचते."

"न्या. सोमवारी परत पाहिजे."

"म्हणजे काय! सोमवारी सकाळीच."

सोमवारी सीट आली नाही. तो विसरला, की त्याला विसरायची आठवण झाली, हे मी ठामपणे सांगणार नाही. ओनोरीनच्या मात्र खरंच ध्यानात राहिलं नाही. दिवसभर ती पाठ केलेले नियम कोंबड्यांना म्हणून दाखवत होती.

मंगळवारी बाजार आणि परीक्षा एकाच गावात, एकाच दिवशी. मग रिकामं जायचं कशाला? तिने मागची सीट काढून धान्याच्या कोठारात ठेवली आणि त्या जागी अंड्यांची खोकी, चीजच्या चकत्या आणि दोन कोंबड्या छपरापर्यंत रचल्या. पाद्रीबुवांनी उजवीकडचं दार उघडलं.

"ओनोरीन, इथे काहीच नाही."

ती धावत दिराच्या घरी गेली. दाराला कुलूप. आन्सेल्म घोडागाडी जुंपून कधीच बाजाराला गेला होता, सीट आत होती. ती परत आली, गोठ्यात शिरली आणि दूध काढायचं तीन पायांचं स्टूल घेऊन बाहेर आली. पाद्रीबुवांनी आकाशाकडे पाहिलं, मग स्टुलाकडे, आणि बसले.

प्लुविनाझसाहेब बारीक, उंच, राखाडी कोटातले गृहस्थ. ते कधी हसल्याची नोंद नव्हती. त्यांनी दार उघडलं आणि बराच वेळ आत पाहत राहिले.

"बाई, सीट कुठे आहे?"

"दिराकडे."

"तिथे काय करते?"

"त्यांची कंबर सांभाळते."

"आणि मी कुठे बसायचं?"

"स्टूल आहे ना. पाद्रीबुवा चौदा किलोमीटर बसून आलेत. विचारा त्यांना."

पाद्रीबुवा काखेत एकेक कोंबडी धरून फुटपाथवर उभे होते. खोटं बोलावं की नाही, याचा विचार त्यांच्या चेहऱ्यावर चालला होता. "बसता येतं," ते शेवटी म्हणाले. "उठायला वेळ लागतो."

"परीक्षा होणार नाही. फेब्रुवारीत या."

ओनोरीन रडली नाही, विनवण्याही केल्या नाहीत. "साहेब, फेब्रुवारीत गाडी माझी नसेल," ती म्हणाली. "तुमच्या पुस्तकात परीक्षकाने कशावर बसावं हे लिहिलं असेल तर वाचून दाखवा. मी मुकाट्याने जाते."

प्लुविनाझसाहेबांनी पुस्तक काढलं. ब्रेकवर चार पानं होती, दिव्यांवर तीन, भोंग्यावर दीड. परीक्षकाच्या बसण्यावर एक ओळही नव्हती. त्यांनी पहिल्यापासून पुन्हा पाहिलं. दुसरा कुणी असता तर पुस्तक खिशात टाकून निघून गेला असता. पण ते पुस्तक पाळणारे गृहस्थ होते आणि पुस्तक गप्प होतं. ते स्टुलावर बसले. समोर पायाशी छत्तीस अंड्यांची टोपली होती, मागे जागा नव्हती. ओनोरीनने टोपली उचलून त्यांच्या मांडीवर ठेवली.

"घट्ट नका धरू. अंडी आहेत."

मित्रांनो, इथून पुढची जबाबदारी माझी होती. अट माझी होती, जन्माच्या आधीपासूनची. दगडी रस्त्यावरून मी होडीसारखी गेले. चर्चच्या चढावर ओनोरीनने मला मध्येच थांबवून पुन्हा उचललं, बोटभरसुद्धा मागे घसरू दिलं नाही. बाजाराच्या कोपऱ्यावर एक बाई हात हलवत ओरडली, "ओनोरीन! कालवड झाली गं, कालवड!" मार्सेलीनच ती. ओनोरीनने दात आवळले, मान सरळ ठेवली आणि तशीच पुढे गेली. तिच्या आयुष्यातलं ते सर्वांत कठीण अर्धं मिनिट असावं.

आणि मग प्लुविनाझसाहेब ओरडले, "थांबा!"

तिने पाय पूर्ण दाबला. माझं नाक खाली गेलं, जमिनीला नमस्कार केल्यासारखं, आणि शेपूट वर. स्टूल दोन पायांवर आलं. साहेबांची हॅट टोपलीत पडली. मग मी हळूच मागे रेलून बसले.

साहेबांनी हॅट उचलली आणि अंडी एकेक करून पाहिली. पस्तीस धड होती. छत्तिसाव्याला तडा गेला होता आणि त्या तड्यात त्यांचाच अंगठा होता.

"हे माझ्याकडून फुटलं," ते म्हणाले. "गाडीकडून नाही. तुमच्याकडूनही नाही." मग त्यांनी मांडीवरच्या टोपलीवर वही ठेवून सही केली.

"फुटलेलं अंडं घेऊन जा, साहेब. पैसे नकोत."

"नेऊ कशात?"

"हॅट आहे की."

प्लुविनाझसाहेब हसले. साक्षीदार मीच.

ओनोरीनने अंडी विकली, मार्सेलीनकडे जाऊन कालवड पाहिली आणि दुपार कलताना आम्ही ला फाजला पोचलो. आन्सेल्म आधीच परतला होता. दारात माझ्या सीटवर रेलून चेस्टनट सोलत होता. शेजारी त्याने माझ्यासाठी शेड झाडून ठेवली होती. ओनोरीनने मला त्याच्यासमोर उभं केलं आणि भोंगा वाजवला.

"उठा भावोजी. सीट द्या."

"तीन दिवसांनी गाडीच इकडे येतेय, वहिनी. सीट कशाला इकडून तिकडे करता?"

तिने खिडकीतून गुलाबी कागद बाहेर धरला. आन्सेल्मने तो वाचला, मग स्टुलावरून उतरायचा प्रयत्न करणाऱ्या पाद्रीबुवांकडे पाहिलं आणि उठला. कंबर अजिबात दुखत नव्हती. मांडीवरची टरफलं झटकून त्याने सीट स्वतः उचलून आणली आणि जागेवर बसवली. खट्. तो आवाज मी अजून विसरले नाही.

त्यानंतर ओनोरीनने मला चौतीस वर्षं चालवलं. पुढे आन्सेल्मची कंबर खरोखरच धरली, तेव्हा दर आठवड्याला ती त्याला दवाखान्यात नेई, त्याच सीटवर. मध्यंतरी शहरात लांब केसांच्या विद्यार्थ्यांनी माझ्या धाकट्या बहिणींना फुलं रंगवून गावोगाव पळवलं. मग कारखान्याने आम्हाला बनवणंच थांबवलं. मीही काही वर्षं कोठारात धूळ खात पडले, उंदरांनी एका सीटचे पट्टे खाल्ले. आता ओनोरीनची नात क्लोतील्द मला चालवते. परवा एक संग्रहालयवाले आले होते. म्हणाले, रंग देऊन काचेच्या दालनात ठेवू, भोवती दोरी बांधू, 'बसू नये' अशी पाटी लावू. क्लोतील्दने त्यांना बसवून बाजारापर्यंत फिरवून आणलं. परतल्यावर त्यांनी दोरीचं नाव काढलं नाही.

मित्रांनो, मला झाकून जपू नका. मला वापरा, तेल घाला, माझे पट्टे ताणून ठेवा. सीट हवी असेल तर तीही खुशाल काढून न्या, नाही म्हणायची आमच्या गावात पद्धत नाही. फक्त सोमवारी परत आणा. मंगळवारी कुणाची परीक्षा असेल, सांगता येत नाही.