पिशवीतली भिंत

पुन्हा गर्भ पडला तेव्हा हरणाबाई रडलीसुद्धा नाही. तेवढं त्राणच अंगात उरलं नव्हतं. रक्त थांबेना, म्हणून सासू मनुबाईनं तिला आटपाडीहून सर्व्हिस मोटारीत घालून सांगलीच्या दवाखान्यात आणलं. नवरा जोतीराम पलटणीत होता. लढाई संपली तरी त्याला रजा मिळाली नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी भूल देऊन पिशवी साफ केली. दुसऱ्या दिवशी खाटेशी स्टूल ओढून त्या बसल्या.

“हरणाबाई, गर्भाची पिशवी आतून तिकोनी असते. वर रुंद, खाली निमुळती. वरच्या दोन्ही कोपऱ्यांत नळ्या उघडतात, खाली तोंड. आत मऊ अस्तर असतं. दर महिन्याला गळतं ते तेच, आणि गर्भ रुजतो तोही त्यातच. तुझ्या पिशवीत मात्र वरून खाली मांसाचा पडदा आहे. भिंतच म्हण. एका खोलीच्या दोन झाल्यात. गर्भाला जागा पुरत नाही, आणि त्या भिंतीवरच रुजला तर रक्तही पुरत नाही.”

“ही कवापास्नं हाय?”

“जन्मापासून. तुझा यात काही दोष नाही.”

हरणाबाई आढ्याकडे बघत राहिली. उपास, अंगारे, पोटावर दिलेले डाग. भिंतीला त्यातलं काहीच लागलं नव्हतं.

“काडता येती का ती?” मनुबाईनं विचारलं.

“पोट उघडून काढता येते. पण जिवाला धोका आहे, आणि मूल राहीलच असं नाही.”

“काडा मग.”

“न्हाई,” हरणाबाई म्हणाली. सासूपुढं तिचा आवाज पहिल्यांदाच निघाला होता. “आत्याबाई, मी लय दमलीया. आता माज्या पोटाला कुणाचाच हात नगं.”

“आगं, मग जोतीरामाला दुसरी बायकू करावी लागंल.”

“करा.”

 मनुबाईनं सुनेच्या पायांवर पांघरूण ओढलं. “माजीबी तीन गेली,” ती म्हणाली. “आत काय हुतं, कुणी बगितलंच न्हाई.”

पुढच्या वैशाखात जोतीरामचं दुसरं लग्न लागलं. नव्या नवरीला, बनुबाईला, हरणाबाईनंच हाताला धरून घरात घेतलं. पंगतीत वाढताना एका पाहुणीनं हळूच विचारलं, “वाईट न्हाई वाटत?”

“वाटतंय की,” ती म्हणाली आणि आमटीची बादली घेऊन पुढं सरकली.

जेवणं उरकल्यावर ती मागल्या सोप्यात जाऊन आडवी झाली. खरकटी भांडी तशीच पडली होती. एक जाऊ तिला उठवायला निघाली, तर मनुबाईनं दारातनंच तिला परतवलं आणि स्वतः राख घेऊन भांड्यांपाशी बसली.