कॅमेऱ्यापुढची चादर

चादर पसरण्यात आईचा हात धरणारं लाँड्रीत कोणी नव्हतं. हॉटेलांच्या चादरींचे ढीग रोज तिच्यापुढे यायचे. ती दोन टोकं चिमटीत धरायची, मनगटाला एक झटका द्यायची, आणि चादर टेबलावर अशी पसरायची की सुरकुती शोधूनही सापडू नये. मालक नव्या बायकांना म्हणायचा, "बघा आणि शिका." त्या बिचाऱ्या बघायच्या. शिकायचं काही जमायचं नाही.

हा हात नुसता लाँड्रीतच कामाला येत नव्हता. थोरल्या मुलीला शाळेत असल्यापासून फिट्स यायच्या, आणि घराचा नियमही तेव्हापासूनचा होता. फीट आली की धाकटीने दार लावायचं, नवऱ्याने रेडिओ मोठा करायचा आणि आईने थोरलीवर डोक्यापासून पायापर्यंत चादर टाकायची. चादरीखालची हालचाल थांबेपर्यंत तिघांनी भिंतीकडे बघत बसायचं. शुद्धीवर आली की थोरली दर वेळी एकच विचारायची, "कोणी पाहिलं?" आई म्हणायची, "कोणी नाही." शेजाऱ्यांना एवढंच माहीत होतं, की या घराला गाण्याचं भारी वेड आहे.

गोळ्या बदलून झाल्या, वाढवून झाल्या. थोरली पंचविशीला आली, तिची एकेक नोकरी सुटत गेली आणि शेवटी ती घरातच बसली. तेव्हा डॉक्टर म्हणाले की आता गोळ्यांनी फार काही होणार नाही. फिट्स मेंदूतल्या एकाच जागेवरून सुरू होत असतील तर ती जागा ऑपरेशन करून काढता येते. ते ठरवायला आधी आठवडाभर वॉर्डात ठेवून तपासणी करावी लागेल.

"फीट सुरू होताना तोंड कुठे वळतं? हात कुठला हलतो?" त्यांनी विचारलं.

इतकी वर्षं लेकीच्या उशाशी बसलेली ही बाई, पण तिने पाहिली होती ती चादर. चादरीखाली काय चालतं हे तिला ठाऊकच नव्हतं.

ऑपरेशनचं नाव काढताच नणंद धावत आली. तिला जगातल्या सगळ्या आजारांतलं कळायचं, फक्त स्वतःच्या गुडघ्यांवर इलाज सापडत नव्हता. "डोकं उघडल्यावर माणूस जाग्यावर राहतं का?" ती कडाडली. "आणि भादरलेल्या डोक्याची पोरगी घरात बसवून धाकटीच्या सासरच्यांना काय सांगणार? ठरलेलं लग्न मोडायचंय का तुम्हाला?" नवऱ्याने मान डोलावली. बहिणीपुढे त्याच्या मानेला दुसरं काही येत नसे.

हॉस्पिटलात एक सिस्टर होती. फिट्स येणाऱ्या पेशंटच्या घरच्यांना एकत्र बसवून ती समजावून सांगायची. आई लाँड्रीतून अर्धी सुट्टी काढून, कोणाला न सांगता तिथे गेली. "तोंडात चमचा कोंबू नका, हातपाय दाबून धरू नका," सिस्टर सांगत होती. "कुशीवर वळवा आणि बघा. भीती वाटेल, रडू येईल. तरी बघा."

त्या दिवशी ऑपरेशन झालेला एक न्हावी आला होता. त्याने कानावरचे केस बाजूला सारून व्रण दाखवला. "डॉक्टरांनी उघडून पाहिलं तर आत मेंदू निघाला. बायकोचा अजून विश्वास बसत नाही!" सगळे हसले. मग तो जरा थांबून म्हणाला, "फिटांपायी माझा वस्तरा सुटला होता. आता डॉक्टरांना विचारून पुन्हा धरलाय. गोळ्या अजून चालू आहेत, आणि सगळ्यांचंच माझ्यासारखं होतं असंही नाही." घरी जाताना आईच्या डोळ्यांसमोर त्याची स्थिर बोटं होती.

त्यानंतर तिने घरात अबोला धरला. रोजचं जेवण वाढायची, पण तोंडातून ब्र काढायची नाही. शेवटी नवरा वैतागला. "जा, आठवडाभर तपासणी करा. रविवारी धाकटीच्या सासरची माणसं येतायत, त्याच्या आत घरी यायचं. मी सगळ्यांना सांगतो, मायलेकी मावशीकडे गेल्यात म्हणून."

वॉर्डात थोरलीच्या डोक्याला वायरी चिकटवल्या, फीट यावी म्हणून गोळ्या कमी केल्या. समोरच्या भिंतीवर कॅमेरा होता. सिस्टरने पुन्हा पुन्हा बजावलं, "फीट आली की बटण दाबा आणि बाजूला व्हा. कॅमेऱ्याला तोंड दिसलं पाहिजे, हात दिसले पाहिजेत. त्यावरच ऑपरेशनचं ठरणार आहे." आईने मान हलवली. ज्या गोष्टीने आयुष्यभर जिवाला घोर लावला, तिचीच आता ती वाट बघत बसली.

एका दुपारी जेवणाची गाडी ढकलत एक बाई आत आली. नेमकी तेव्हाच थोरलीची नजर थिजली, ओठ चघळल्यासारखे हलू लागले. दारात परकं माणूस. आईच्या मनात काही यायच्या आत मनगटाने झटका दिला होता. चादर पसरली, डोक्यापासून पायापर्यंत, एकही सुरकुती नाही.

सिस्टरने धावत येऊन चादर ओढली तोवर फीट ओसरली होती. पडद्यावर नुसती पांढरी चादर हलताना दिसत होती. "वायरींचा आलेख आलाय, पण चित्र नाही," सिस्टर हळूच म्हणाली. "एवढ्यावर सर्जन हात लावणार नाहीत. अजून एक तरी हवी." ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं आईला वाटलं. तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि तशीच बसून राहिली.

पुढची फीट काही आली नाही. शनिवारी नवरा न्यायला आला.

"अजून थोडे दिवस थांबा," सिस्टर म्हणाली. "पुन्हा नंबर लागायला खूप महिने जातील."

"पुन्हा नंबर नाही आणि बिंबर नाही. झाली तेवढी शोभा पुरे."

बसस्टॉपवर गर्दी होती. थोरलीने चिकट झालेल्या केसांवर रुमाल बांधला होता. बस दिसली, सगळे पुढे सरकले, आणि थोरली जाग्यावरच कोसळली.

"टाक! चादर टाक लवकर!" नवऱ्याने पिशवीतली चादर काढून आईच्या हातात कोंबली. भोवती कडं जमलं. आईने चादरीची घडी केली, लेकीला कुशीवर वळवून ती डोक्याखाली सरकवली. नवरा एक पाऊल मागे गेला, मग आणखी एक. कोणीतरी त्याला विचारलं, "कोण हो ही?"

"काय माहीत," तो म्हणाला.

आईने ते ऐकलं. तिने मान वर केली तेव्हा हेल्मेटवाला एक माणूस मोबाइलवर शूटिंग करत होता. एरवी तिने तो फोन रस्त्यावर आपटला असता.

"काढताय ना?" ती म्हणाली. "मग नीट काढा. तोंड येऊ दे, हात येऊ देत."

आणि तिने पाहिलं. तोंड डावीकडे वळलं होतं. उजवा हात गळ्यापाशी काहीतरी चाचपत होता, चिमटीत धरून वर ओढत होता, तोंडावरून बाजूला सारत होता. पुन्हा पुन्हा. तोंडावर काहीच नव्हतं, तरी हात सारतच होता. आईला रडू आवरेना, पण तिने नजर हटवली नाही.

अंग सैल पडलं. हेल्मेटवाला ओशाळून म्हणाला, "काकू, डिलीट करतो."

"नको. मला पाठवा." वायरींशिवाय त्या चित्राचा डॉक्टरांना कितपत उपयोग होईल, हे तिला माहीत नव्हतं. नवरा गर्दीत उभा होता, बसच्या पाटीकडे बघत.

थोरलीने डोळे उघडले. भोवतीचे पाय तिला दिसले.

"कोणी पाहिलं?"

"मी," आई म्हणाली. "मी पाहिलं. सगळं पाहिलं."

थोरली तिच्याकडे बघत राहिली. मग तिने डोक्याखालची चादर चाचपून काढली, उलगडली आणि स्वतःच्याच हाताने तोंडावर ओढून घेतली.