कडेचा कापूस

“गादीत लय गाठी झाल्यात चाचा, झोपच लागंना,” रिक्षातून गादी ओढून काढत मंगल म्हणाली. ती मूळची माण तालुक्यातली. लोणंदला भाड्यानं राहायची, नवरा मुंबईला कामाला.

चांदसाहेबांनी गादी ओट्यावर पसरली आणि खोळीचे टाके उसवायला घेतले. चाळीस वर्षं कापूस पिंजलेला माणूस. गादी उसवली की त्यांना घरातलं सगळं कळायचं. नवराबायकोचं बिनसलं असलं की दोन खड्डे आणि मधे चांगला शेतातल्यासारखा बांध. पण कळलेलं तोंडातून काढायचं नाही, हा त्यांचा दंडक होता. गिऱ्हाइकाच्या घरात डोकावणारा गादीवाला कुणाला हवा असतो?

मंगलच्या गादीत हात घातला आणि ते थबकले. मधला कापूस गेल्या दसऱ्याला त्यांनीच भरला होता, तसाच्या तसा फुगलेला. गाठ औषधालाही नव्हती. एका कडेला मात्र कापूस दबून फरशीसारखा घट्ट झाला होता. या गादीवर कुणी झोपतच नव्हतं. कुणीतरी कडेवर बसून रात्री काढत होतं.

अशी गादी त्यांनी याआधी एकदाच पाहिली होती. तीन वर्षांपूर्वी, ईदच्या तोंडावर घरातल्या गाद्या पिंजायला काढल्या तेव्हा. ती शाहरुखची होती, त्यांच्या मुलाची. पोरगं रात्रभर मोबाइल बघत असेल, असं म्हणून त्यांनी कापूस मशीनमध्ये घातला आणि सारखा करून टाकला. सोळाव्या दिवशी शाहरुखनं जीव दिला. तेव्हापासून कुठलीही गादी उसवली की त्यांचा हात आधी कडेकडे जायचा. बायकोला, दिलशादला, हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं तर ती आपलं तोंडही बघणार नाही, या भीतीनं ते मनातल्या मनात कुढत होते.

दिलशाद आता मागच्या खोलीत चहा टाकत होती. मधे नुसता पडदा.

“उद्या न्हेते गादी,” मंगल निघाली.

त्यांनी मशीनच्या बटणावर हात ठेवला. मग काढून घेतला.

“पोरी, बस जरा. गादीत गाठ न्हाई. तू झोपतच न्हाईस. कवापासनं?”

मंगल हसायला गेली, पण तिला ते जमलं नाही. “दिवाळीपासनं. आपुन नसलो तर कुनाचं काय अडतंय, असंच येतं मनात.”

“माझ्या शाहरुखची गादीबी अशीच हुती,” चांदसाहेब म्हणाले. पडद्याआड ऐकू जाणार, हे त्यांना ठाऊक होतं. “कडेला दबल्याली. मी बघितलं हुतं. आन् त्याला काय इचारलं न्हाई.”

आत कपबशांचा आवाज थांबला.

थोड्या वेळानं दिलशाद चहा घेऊन बाहेर आली. मंगलच्या हातात कप देऊन तिच्याशेजारी टेकली.

“मी रोज सकाळी त्याची चादर काढायची,” ती म्हणाली. “एक चुणी नसायची. मला वाटायचं, पोरगं किती नीट झोपतंय.”

चांदसाहेबांचे डोळे भरून आले. तीन वर्षं दोघं एकाच घरात एकच गोष्ट लपवत राहिले होते.

दिलशादनं बुरखा चढवला. “चल मंगल. साताऱ्याला सरकारी दवाखान्यात मनाचे डॉक्टर हायेत. नवऱ्याला एस्टीतनं फोन करू. मी हाय संगं.” उंबऱ्यापाशी ती थांबली आणि मागे न बघता म्हणाली, “भाकरी झाकून ठेवलीया. खाऊन घ्या.”

दोघी गेल्यावरही चांदसाहेबांनी मशीन लावलं नाही. उसवलेल्या गादीपाशी बसून ते कडेचा कापूस बोटांनी मोकळा करत राहिले, एकेक पुंजका.