भोकांची, चिरांची की साधी

हैदराबादेत नोकरीला असलेली बलभीमरावांची लेक सृष्टी आठ दिवसांसाठी जळकोटला आली, ती आपली लाल गाडी घेऊनच. येताना वाटभर ब्रेक दाबला की स्टेअरिंग थरथरत होतं म्हणे. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं अंगणात जॅक लावला, पुढची दोन्ही चाकं उतरवली आणि आतल्या लोखंडी चकत्या काढून बापापुढं ठेवल्या.

"आबा, या डिस्क गेल्या. धाराशिवला शिवकुमारअप्पांच्या दुकानात तीन प्रकारच्या मागवून ठेवल्यात. मला घरूनच ऑफिसचं काम आहे, हलता येत नाही. तुम्ही बघून आणता का?"

"कुठली आणू?"

"तेच तर ठरंना! सहा जणांना विचारलं, सहा जणांनी सहा सांगितलं. व्हिडिओ बघून तर डोकंच गेलं. तुम्ही बत्तीस वर्षं एसटी चालवली. ब्रेकचं तुमच्याएवढं कुणाला कळतंय?"

लेकीनं असं म्हटल्यावर कुठला बाप 'मला कळत नाही' म्हणेल? पण खरं ते हेच होतं. एसटीच्या चाकाला डिस्क नसते, ड्रम असतात आणि तिचा ब्रेक हवेवर लागतो. तोही बिघडला तर डेपोतले मेकॅनिक बघायचे; ड्रायव्हरनं वहीत 'ब्रेक कमी लागतो' एवढं लिहायचं, की काम संपलं. बलभीमरावांनी उभ्या जन्मात डिस्क हातात धरली नव्हती. तरी ते "बघतो की" म्हणून गेले. एक जुनी डिस्क पोत्यात गुंडाळली, काखेत मारली आणि तुळजापूरला गाडी बदलून धाराशिवात उतरले.

शिवकुमारअप्पांचं स्पेअर पार्टचं दुकान स्टँडपासून चालत जाण्याजोगं. गंध लावलेले, बोलायला मोकळे अप्पा वाटच बघत होते. त्यांनी काउंटरवर कागद अंथरला आणि तीन डिस्क ओळीनं मांडल्या. एक सपाट, गुळगुळीत. दुसरीला चाळणीसारखी भोकं. तिसरीवर तिरप्या चिरा पाडलेल्या.

"घ्या ड्रायव्हरसाब. कुठली देऊ?"

"तुमीच सांगा की."

"भोकांची घ्या. भोकातनं गरमी निघून जाती. दिसायला बी झकास."

"मग ही चिरांची कशाला काढली?"

"डिस्कला घासनाऱ्या पॅडची भुकटी चिरा खरवडून भाईर काढत्यात. ब्रेक स्वच्छ लागतो."

"म्हंजी ही चांगली?"

"चांगलीच की. पण पॅड लौकर खाती म्हनं."

"आन् साधी?"

"साधी बी चांगलीच," अप्पा म्हणाले आणि मग स्वतःच हसले. "खरं सांगू का? मला तरी कुठं ठावं हाय? खोक्यावर लिवलंय ते सांगतोय."

अप्पांनी माल पाठवणाऱ्या पुण्याच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, गाडीचं काम काय त्यावर आहे. काम काय, ते बलभीमरावांना ठाऊक नव्हतं. 'ट्रॅक' एवढा एक शब्द सृष्टीच्या तोंडी सारखा असायचा. त्यांनी लेकीला फोन केला.

"सृष्टे, त्या ट्रॅकवर गाडीत किती माणसं बसत्यात?"

"मी एकटीच."

"सामान?"

"सगळं काढून ठेवायचं. जादाचं चाकसुद्धा."

"थांबे किती?"

"थांबायचंच नाही, आबा."

"थांबायचं न्हाय तर ब्रेक कशाला लागतो गं?"

"वळणाला! सरळ रस्त्यावर जोरात जायचं, वळण आलं की एकदम दाबायचा. एका फेरीत आठ-नऊ वेळा. अशा वीस मिनिटं फेऱ्या."

"मग जातीस कुठं?"

"कुठं नाही. जिथनं निघाले तिथंच."

"शर्यत हाय का?"

"नाही हो. नंबर नाही, बक्षीस नाही. आपल्याला गाडी किती नीट चालवता येते ते बघायचं."

फोन ठेवला तरी ते हातातल्या मोबाइलकडं बघत राहिले. माणूस नाही, माल नाही, गाव नाही, नंबरसुद्धा नाही; आणि त्यासाठी डिस्क जाईपर्यंत गाडी पळवायची. त्यांना राग आला नाही. राग यायला आधी काहीतरी कळावं लागतं.

"काय म्हनली?" अप्पांनी विचारलं.

"मलाच कळलं न्हाय, तुमाला काय सांगू?"

अप्पांनी चहा मागवला. चहा येईपर्यंत हाताला चाळा म्हणून बलभीमरावांनी पोतं सोडलं आणि जुनी डिस्क उजेडात धरली. तीही भोकांचीच होती. गाडीच्या आधीच्या मालकानं हौसेनं बसवलेली. नीट बघितलं, तर केसाएवढ्या बारीक भेगा होत्या, आणि प्रत्येक भेग एका भोकातून निघून शेजारच्या भोकाकडं गेलेली.

"अप्पा, हे बघा."

अप्पांनी चष्मा लावून पाहिलं. मग भोकांची डिस्क उचलून खोक्यात ठेवली.

राहिल्या दोन. बलभीमरावांनी दोन्ही हातांत दोन घेऊन तोलल्या, बोटं फिरवली, एकदा वाजवूनसुद्धा पाहिल्या. चिरांचीला पॅड खाण्याचं तरी नाव ठेवलं होतं अप्पांनी. साधीला नाव ठेवायला काहीच सापडेना. "ही द्या जोडी," ते म्हणाले, "पर पोरीला पटली न्हाय तर म्या परत आनीन."

परतीच्या गाडीत मांडीवरचं खोकं जड होत गेलं. आपण विचार करून घेतली, की म्हाताऱ्या माणसाला साधंच बरं वाटतं म्हणून घेतली? नळदुर्ग आलं तरी त्यांचं ठरलं नाही.

घरी सृष्टीनं खोकं उघडलं. ती काही बोलायच्या आत त्यांनी सांगून टाकलं, "हे बघ बाई, मला यातलं काय बी कळत न्हाय. भोकांची नगं, एवढंच कळलं."

सृष्टी हसली. "मला तर तेवढंही कळलं नव्हतं, आबा."

दोघांनी मिळून डिस्क चढवल्या. पॅडही तिनं आणलेले नवे घातले. मग ती म्हणाली, नवे पॅड नव्या डिस्कवर घासून एकजीव करून घ्यावे लागतात. ब्रेक दाबून वेग ऐंशीवरून वीसवर, असं दहा वेळा, न थांबता, जोरात. दुसऱ्या दिवशी उजाडताच दोघं जुन्या रस्त्यावर गेले. चौपदरी हायवे झाल्यापासून तो ओस पडला होता. "तुम्ही चालवा," म्हणून सृष्टी शेजारी बसली.

बलभीमरावांनी ऐंशी गाठले आणि ब्रेक दाबला. गाडी लोण्यासारखी हळू होत गेली.

"जोरात, आबा."

दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदाही. मनात येत होतं, पण पाय ऐकत नव्हता.

"आबा, गाडीत कुणी उभं नाहीये!"

त्यांनी पायाकडं पाहिलं. बत्तीस वर्षं त्या पायानं एकच काम केलं होतं: मागं लेकरू घेऊन उभी असलेली बाई पडू द्यायची नाही. चौथ्या वेळी त्यांनी दात आवळून पेडल खाली घातलं. पट्टा छातीत रुतला, गाडीनं नाक खाली केलं, आणि त्यांची नजर आपोआप आरशात गेली, कोण पडलं ते बघायला. मागची सीट रिकामी होती.

"अस्सं!" सृष्टी ओरडली.

उरलेले सहा त्यांनी तसेच दाबले. करपल्यासारखा वास आला तेव्हा ते घाबरले. ती म्हणाली, येतोच, ठीक आहे. मजा आली की भीती वाटली, असं घरी सृष्टीच्या आईनं, कमलबाईंनी, विचारलं तेव्हा ते म्हणाले, "दोन्ही बी."

सृष्टी हैदराबादला परतली, आणि पुढच्या रविवारी दुपारी तिचा फोन आला.

"आबा, स्टेअरिंग अजिबात थरथरलं नाही. डिस्क एकदम बरोबर. पण ट्रॅकवर तिसऱ्यांदा उतरले तेव्हा पेडल मऊ पडलं."

"मऊ म्हंजी?" बलभीमराव उठून उभे राहिले.

"खाली जायला लागलं. मी लगेच वेग कमी केला, गाडी बाहेर काढली. तिथले एक जण म्हणाले, ब्रेक ऑइल जुनं आहे, उकळलं. ते आपण बदललंच नाही."

तेल! दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. "आमच्या गाडीला हवा असायची गं," ते कसंबसं म्हणाले. "तुला लागलं न्हाय ना कुटं?"

"काही नाही. मी मजेत आहे."

"बरं केलंस भाईर काढली ते. बदलल्याबिगर परत आत जाऊ नगंस."

"नाही जाणार. पण आबा, ते ऑइल कुठलं घालायचं?"

"ते मला इचारू नगंस," बलभीमराव म्हणाले. "त्या तिथल्या मानसालाच इचार, आन् मला बी सांग."

फोन ठेवल्यावर कमलबाई आतून आल्या. "काय म्हनती?"

"बरी हाय," ते म्हणाले आणि पुन्हा खुर्चीत बसले. "तेल बदलायचं ऱ्हायलंय."