देवदत्तरावांचा राज्याभिषेक

जूनच्या सुट्टीत सिंगापूरची माणसं बाली गाठतात, फुकेत गाठतात. देवदत्त बायको निहारिका आणि मुलगी श्रियाला घेऊन आयर्लंडला गेला आणि राजा होऊन परतला.

झालं असं, की तिथे एका टेकडीवर हजारो वर्षं जुना उभा धोंडा आहे. खऱ्या राजाचा हात लागला की तो गरजतो, अशी दंतकथा. देवदत्तने हात लावला आणि घुमला की हो आवाज. "ऐकलंस?" तो हरखून म्हणाला. निहारिकाने ऐकलं होतं. भिंतीपलीकडची गायही तिने पाहिली होती. पण सुट्टीचा बेरंग कशाला, म्हणून बाईसाहेब गप्प बसल्या. तिथेच नडलं.

सिंगापुरात टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये परत पाऊल टाकल्यापासून राजेसाहेबांना नोकरी टोचू लागली. राजीनामा द्यायचा, पुण्यात स्वतःची कंपनी काढायची. कसली, ते दगडाने सांगितलं नव्हतं. इथे नोकरी गेली की राहण्याचा सरकारी पास गेला, आणि पास गेला की तिघांचंही चंबूगबाळं विमानात. श्रियाची सहावीची मोठी परीक्षा तोंडावर आलेली. पुढची शाळा तिच्यावरच ठरणार, म्हणून पोरगी दोन वर्षं मान मोडून अभ्यास करत होती.

शनिवारी बिशान भागात राहणारा मित्र पद्माकर आणि त्याची बायको मालती जेवायला आले. देवदत्तने श्रीखंडाबरोबर दगडाची कथा लावली. मग लॅपटॉप उघडून राजीनाम्याची मेलही वाचून दाखवली. आता मात्र निहारिकाला राहवेना.

"दगड नव्हता तो. मागे गाय होती, ती हंबरली. मी डोळ्यांनी पाहिलं."

सुटले बाई एकदाची, असं तिला वाटलं.

"गाय?" देवदत्तचे डोळे भरून आले. "त्या परक्या मुलखात, नेमकी त्याच क्षणी?"

"अहो, याहून मोठा कौल कुठला?" मालतीने हात जोडले. खाल्ल्या श्रीखंडाला जागून पद्माकरनेही मान डोलावली. देवदत्तने तिथल्या तिथे मेल पाठवून दिली.

निहारिकाला रडू आलं. नवऱ्याला हलवून हलवून जागं करावंसं वाटलं.

आतल्या खोलीच्या दारात गणिताचं पुस्तक घेऊन श्रिया उभी होती. "देन माय एक्झाम हाऊ, बाबा?" माझ्या परीक्षेचं काय, हे तिने शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत विचारलं.

देवदत्तने लॅपटॉप मिटला. आधी मालतीकडे पाहिलं, मग पद्माकरकडे. ते दोघं खाली मान घालून वाट्या चाटूनपुसून साफ करत होते. पोरगी दारातच उभी राहिली.