दुकान नंबर तीनची ना-हरकत

"त्या दिनानाथला काही लिहून देऊ नकोस हं, वैदेही," वृंदाकाकूंनी जिन्यात थांबवून सांगितलं होतं. "दुकान किराण्याचं आहे, किराण्याचंच राहू दे."

वैदेही हसली होती. "काकू, बिअरच तर आहे. सीलबंद विकणार. इथे बसून कोण पिणार?"

"एकेकाचं असतं गं," म्हणून काकू आपल्या दारात शिरल्या. कोणाचं, ते वैदेहीने विचारलं नाही.

बदलापूरच्या शिरगावातल्या त्या सोसायटीची सेक्रेटरी ती झाली, कारण दुसरं कोणी तयारच नव्हतं. तीन वर्षांच्या राजसीची आई. गेटमधून कोण आलं, बाहेरचा टेम्पो कधीपासून उभा आहे, सगळं तिला ठाऊक असायचं, आणि तरी जिवाला घोर होताच. खाली दिनानाथचं किराणा दुकान, तीन नंबरचं. मधे पार्टिशन घालून अर्ध्या भागात त्याला बिअर शॉपी काढायची होती. त्यासाठी सोसायटीची ना-हरकत हवी होती.

"वहिनी, गेटवर कॅमेरा लावून देतो, माझ्यातर्फे," तो म्हणाला. "मोबाइलवर बघा घरबसल्या. आणि दूध पण थंडच विकतो, बिअर पण थंडच. फ्रिजला काय फरक पडतो?"

कॅमेऱ्याचं ऐकून वैदेही विरघळली.

मीटिंगला पाच जण आले. मग नेहमीचंच केलं: वॉचमन किसनच्या हाती कागद देऊन दारोदार सह्या. त्याच आठवड्यात पाण्याच्या टँकरसाठीही सह्या हव्या होत्या. किसनला दोन फेऱ्या कशाला, म्हणून तिने दोन्ही कागद एकाच पॅडला लावले, वर टँकर, खाली ना-हरकत. "टँकरचं आहे. इथं एक, आन् इथं एक," किसन बोट ठेवायचा आणि लोक सही करायचे. कागद परत आले तेव्हा बी-१०२ पुढे वृंदाकाकूंचीही सही होती, शेजारी पिठाचा ठसा. काकूंनी वाचलेलं नाही, हे वैदेहीला तिथेच कळलं. खाली जाऊन विचारावं असं मनात आलंही. मग तिने कागद फाइलला लावला.

दिवाळीआधी शॉपी उघडली. काकूंना वाटलं, बहुमताने झालं असेल. त्या काही बोलल्या नाहीत. फक्त खालून दूध आणायला यजमानांऐवजी स्वतः जायला लागल्या. त्यांचे यजमान बाळकाका अंबरनाथच्या एका कारखान्यातून ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले. ते आता खाली उतरायचे ते राजसीसाठी. साडेबाराला तिची प्लेग्रुपची व्हॅन यायची आणि वैदेहीचा तेव्हाच ऑफिसचा कॉल असायचा. "चला साहेबीणबाई, दप्तर इकडे," म्हणत काका तिला वर आणून सोडायचे.

महिन्याभराने कॅमेऱ्यात दिसलं, व्हॅन यायच्या आधी काका शॉपीत शिरतात. मग रोजच दिसायला लागलं. एक दिवस राजसी नाक चोळत वर आली. "आजोबांना वास येतो."

दुसऱ्या दिवशी वैदेही स्वतः गेटवर गेली. "काका, माझ्या कॉलची वेळ बदललीये. आता मीच आणत जाईन हिला."

काकांनी दप्तर तिच्या हातात दिलं. "बरोबर आहे तुझं," म्हणाले. "बरोबर आहे, पोरी."

काकूंना तिने सांगितलं नाही. नवरा-बायकोमध्ये आपण कसं पडायचं? काका मात्र साडेबाराला खाली दिसतच राहिले.

महाशिवरात्रीच्या आधी ते गेले. पोटात पाणी झालं होतं. अकरा दिवस हॉस्पिटलमध्ये होते. तेव्हा कुठे सोसायटीला समजलं, सहा वर्षांपूर्वी काकांचं पिणं सुटलं होतं. दारूचं दुकान पायाखाली नको, म्हणूनच दोघं अंबरनाथचं घर विकून इथे आली होती.

तेरावा झाल्यावर वैदेही ना-हरकत मागे घ्यायचा अर्ज घेऊन बी-१०२ मध्ये गेली. काकूंनी तिला पाणी दिलं.

"दिनानाथशी भांडायला गेले होते," काकू म्हणाल्या. "त्याने झेरॉक्स पुढे केली. मावशी, तुमचीच सही आहे की, म्हणाला. माझीच आहे गं. पीठ मळत होते, किसनने बोट ठेवलं तिथे केली. सहा वर्षं त्यांना लग्नकार्यातसुद्धा एकटं सोडलं नाही, आणि दुकान मीच दारात आणलं."

वैदेहीला गप्प बसता आलं असतं.

"काकू, ते कागद मी एकत्र लावले होते. तुम्ही वाचलं नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं."

काकूंनी तिच्यासमोरचं पाण्याचं भांडं उचलून बाजूला ठेवलं.

"राजसीला आणायला जातो म्हणायचे. शेवटपर्यंत," काकू म्हणाल्या. "वास आला की सांगायचे, औषधाचा आहे. तुझ्या कॅमेऱ्यात दिसत होते का?"

"हो."

"रोज?"

"हो, काकू."

काकूंनी अर्ज पहिल्या ओळीपासून वाचला, सही केली आणि दार उघडून उभ्या राहिल्या. "जा तू. पुन्हा येऊ नकोस."

तेव्हापासून त्या वैदेहीला दार उघडत नाहीत. इतरांनाही "बरी आहे" एवढंच आतून सांगतात. दुधाची पिशवी दुपारपर्यंत कडीला लटकलेली असते. मूलबाळ नाही, सोनिवलीला एक भाचा आहे म्हणतात, पण त्याचा नंबर कोणाकडे नाही. परवा स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाजही आला नाही.

तेव्हा तुम्ही बदलापूर पूर्वेला येणार असाल, तर थोडी वाट वाकडी करून बी-१०२ ला जाऊन या, एवढंच वैदेहीचं तुमच्याकडे मागणं आहे. दार उघडेपर्यंत थांबा. जेवल्या का, विचारा. वैदेहीने पाठवलंय, हे मात्र सांगू नका.